पुस्तकातला बर्फ आणि आपलं हिव

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले जास्तीचे 'म्हणजे' आणि 'तर मग' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

शिरपूरहून बोलतोय. पहाटे बाइकवर निघालात तर हँडलवरची बोटं बधिर होतात, दुपारी मात्र स्वेटर काढून हातात धरावा लागतो, असे दिवस सध्या चालू आहेत. खान्देशातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

आजचे विषय दोन. एक, रात्री झोपताना लहान मुलांना पुस्तक वाचून दाखवणं. दुसरा, ही थंडी. दोन्ही एकाच भागात का, तर आमच्या घरात ते एकाच प्रश्नातून आले.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. रोज रात्री गोधडीत बसून एक पुस्तक वाचायचं, असा आमचा नियम. त्यातल्या एका पुस्तकात हिवाळा आहे. पांढरीशुभ्र जमीन, बर्फाचा माणूस, त्याला गाजराचं नाक. तिने विचारलं, "पप्पा, आपल्याकडे बर्फ का नाही पडत?" आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, "मग आपला हिवाळा खोटा आहे का?"

पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे, त्याचं उत्तर देता येतं. दुसरा मला जास्त गंभीर वाटतो. पुस्तकात छापलंय ते खरं आणि आपल्या अंगणात आहे ते कमअस्सल, असं मुलाला चौथ्या वर्षी वाटायला लागलं, तर ते पुढे फार लांबपर्यंत जातं. म्हणून आज दोन्ही प्रश्न घेऊ. मी हवामानतज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण बीटेकला शिकलेलं फिजिक्स इथे पुरतं, आणि रूट कॉज शोधायची सवय तर आहेच.

सूर्य जवळ, तरी थंडी

आधी एक गैरसमज काढून टाकू. थंडीत सूर्य लांब जातो म्हणून गारठा पडतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. जुलैत ती १५ कोटी २० लाख किलोमीटरवर असते. म्हणजे ऐन थंडीत आपण सूर्याच्या ५० लाख किलोमीटर जवळ असतो.

खरं कारण आहे पृथ्वीचा कल, साडेतेवीस अंशांचा. शिरपूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, सव्वाएकवीस अंशांच्या जरा पुढे आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. २२ डिसेंबरच्या आसपास मात्र भर दुपारीही सूर्य फक्त ४५ अंशांपर्यंत चढतो.

४५ अंश म्हणजे काय, हे मुलांना दाखवणं एकदम सोपं आहे. त्या दिवसांत आपल्याकडे दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीएवढीच असते. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत कधीही साडेबाराच्या सुमारास पोराला गच्चीवर उभं करा, सावलीच्या टोकाला खडूने खूण करा आणि मोजा. पोरगं एक मीटर उंच असेल तर सावलीही जवळपास एक मीटर. बारा नाही, साडेबारा, कारण घड्याळाची भारतीय वेळ आपल्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर ठरलेली आहे. शिरपूरचा सूर्य तिथल्यापेक्षा अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो.

तिरप्या उन्हाने काय होतं, ते रात्री गोधडीवरच दाखवता येतं. मोबाइलचा टॉर्च सरळ खाली धरा, लहान आणि प्रखर गोल पडेल. आता तिरपा धरा, गोल लांबट होतो आणि फिका पडतो. उजेड तेवढाच, पण जास्त जागेत वाटला गेला. ४५ अंशांच्या उन्हात तेच ऊन जवळपास १.४ पट जागेवर पसरतं. वर दिवसही लहान. आपल्याकडे डिसेंबरचा सगळ्यात लहान दिवस पावणेअकरा तासांच्या थोडा वर, जूनचा सगळ्यात मोठा साडेतेरा तासांच्या जरा आत. कमाई कमी आणि खर्च करायला रात्र लांब, असा तो हिशेब.

ढग म्हणजे गोधडी

पण कमी ऊन तर मुंबईलाही मिळतं. मग तिथे पंखा चालू आणि आपल्याकडे शेकोटी, असं का?

एक कारण समुद्र. पाणी हळू तापतं, हळू निवतं. मुंबईला त्याचा आधार आहे. शिरपूरपासून समुद्र दोनशे किलोमीटरहून लांब. आपली जमीन झटपट तापते आणि झटपट थंड होते. म्हणून मेमध्ये ४३-४४ अंश आणि हिवाळ्यात थंडीची लाट आली की पहाटे १० च्या खाली.

दुसरं कारण मला जास्त आवडतं, कारण ते गोधडीतच समजावता येतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर आकाशात सोडत असते. ही उष्णता डोळ्यांना दिसत नाही, पण तापलेल्या भिंतीजवळ हात नेला की जाणवते. वर ढग असले, हवेत बाष्प असलं, तर त्यातली बरीच उष्णता परत खाली येते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती निघून जाते. हिवाळ्यात आपल्याकडे उत्तरेकडून कोरडे वारे येतात आणि आकाश स्वच्छ राहतं. म्हणजे पृथ्वीच्या अंगावरून गोधडी काढून घेतल्यासारखंच.

म्हणूनच ज्या रात्री चांदण्या लखलखीत दिसतात, ती पहाट जास्त गार असते. आणि अचानक ढगाळ झालं की आजी म्हणते, "आज थंडी मेली." निरीक्षण शंभर टक्के बरोबर.

इथे एक गोष्ट पोरांना नक्की करून दाखवा. गोधडी गरम नसते. ती उष्णता तयार करत नाही, आहे ती धरून ठेवते. पटत नसेल तर दोन वाट्यांत एकेक बर्फाचा खडा ठेवा. एक वाटी उघडी, दुसरी स्वेटरमध्ये गुंडाळलेली. कुठला आधी वितळेल? पोरं हमखास स्वेटरवाला सांगतात, मोठेही सांगतात. उघडा आधी वितळतो. स्वेटर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही ना!

आणखी एक खूण सकाळी गावाबाहेर दिसते. चुलीचा, शेकोटीचा धूर सरळ वर न जाता एका उंचीवर आडवा पसरलेला असतो, शेतावर पांढरी पट्टी ओढल्यासारखा. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. पण शांत, निरभ्र रात्री जमीन इतकी निवते की जमिनीलगतची हवा सगळ्यात गार आणि तिच्या वरची थोडी उबदार, असा उलटा थर तयार होतो. धूर त्या थराखाली अडकतो. गार हवा जड असल्यामुळे ती उताराने सखल जागी जमते. नाल्याकाठच्या शेतात गावापेक्षा जास्त गारठा लागतो, तो भास नाही.

मग बर्फ का नाही?

आता मूळ प्रश्न. बर्फ पडायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: बाष्पाने भरलेले ढग, आणि वरपासून जमिनीपर्यंत शून्य अंशाच्या आसपास हवा. आपली अडचण अशी, की या दोघी आपल्याकडे एकत्र येतच नाहीत. कडाक्याची थंडी पडते ती आकाश निरभ्र असतं म्हणून. म्हणजे थंडी असते तेव्हा ढग नसतात, आणि ढग आले की थंडी पळते.

पण थांबा, याहून भारी उत्तर आहे. उंचावर जाऊ तसं दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. हिमालयात बर्फ आहे तो या उंचीमुळे. शिरपूरच्याही डोक्यावर, साधारण चार-साडेचार किलोमीटर वर, हवा शून्य अंशाला पोचलेली असते. आपल्या पावसाळी उंच ढगांचे माथे त्याच्या कितीतरी वर जातात, आणि तिथे बर्फाचेच कण तयार होतात. ते खाली पडायला लागतात आणि वाटेत उबदार हवेत वितळून थेंब होतात. म्हणजे आपल्या अंगावर पडणाऱ्या पावसातले कितीतरी थेंब वर बर्फ होते!

तेव्हा मुलांना उत्तर द्यायचं ते असं: "बर्फ आपल्याकडेही निघतो बाळा, पण वाटेत वितळतो." आणि गारा म्हणजे त्यातले जाडजूड गडी, जे वितळायच्या आत जमिनीवर पोचतात. माझ्या मुलीला हे इतकं आवडलं, की आता बर्फाच्या माणसाचं चित्र आलं की ती सांगते, हा वाटेत वितळला नाही.

'हिवाळा' या शब्दात काय दडलंय

दुसरा प्रश्न, आपला हिवाळा खोटा का? इथे मदतीला माझी आई आली. आमच्या घरात आई अहिराणी बोलते, आणि अहिराणीत थंडीला हिव म्हणतात. हिव शब्द मूळचा 'हिम' वरून आलाय, तोच हिमालयातला हिम. हिव वाजण्याचा काळ तो हिवाळा, थंडी वाजून येणारा ताप तो हिवताप. म्हणजे आपल्या अंगणात बर्फ नसला तरी आपल्या शब्दात तो कधीचा आहे.

आणि खान्देशाच्या हिवाळ्यात करायला काय कमी आहे? तुरकाट्यांवर भाजलेली वांगी, त्याचं भरीत, सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेतात गहू, हरभरा, दादर. गव्हाला ही थंडी हवीच असते. केळीला मात्र ती सोसत नाही. पारा बारा-दहाच्या खाली गेला की झाडाची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. एकाच बांधाच्या अलीकडे आनंद आणि पलीकडे काळजी, असा हा ऋतू.

थंडीच्या रात्री केळीच्या बागांना पाणी देतात आणि बांधाला पालापाचोळा पेटवून धूर करतात, ते यासाठीच. विहिरीचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं, कारण जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. ती ऊब बागेत सोडायची, आणि धुराचं पातळ पांघरूण वर घालायचं. पुन्हा गोधडीच!

त्यात लाइट रात्रीची असेल, तर पंप रात्रीच चालवावा लागतो. माझा भाऊ रात्री मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन मळ्यात निघतो, तेव्हा आमची गोष्ट चालू असते. मुलगी विचारते, "काका आत्ता कुठे चालला?" तिच्यासाठी हिवाळ्याची खरी गोष्ट ही आहे. गाजराच्या नाकापेक्षा हिच्यात जीव जास्त आहे, कारण काका परत येईपर्यंत घरातलं कुणीतरी जागं असतं.

वाचायचं कसं

आता पुस्तकांकडे. 'मला वेळ नाही', 'मला नाटकी वाचता येत नाही' ही दोन कारणं मी मित्रांकडून सारखी ऐकतो. नाटकी वाचायची गरजच नाही.

१९८८ साली अमेरिकेत ग्रोवर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास केला. दोन्ही गटांतले आईवडील मुलांना वाचून दाखवतच होते. फरक एवढाच, की एका गटाला मुलाशी बोलत वाचायला शिकवलं: प्रश्न विचारा, थांबा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घाला. एका महिन्यात त्या गटातली मुलं भाषेत स्पष्ट पुढे गेली. म्हणजे किती पानं उलटली यापेक्षा मध्ये किती बोलणं झालं, ते महत्त्वाचं.

मी करतो ते असं. एका पानावर एकच प्रश्न, तोही 'हो-नाही'वाला नको. 'हा कुत्रा आहे का?' ऐवजी 'हा कुत्रा असा का बसलाय?' मग पाच सेकंद गप्प. पाच सेकंद फार मोठे वाटतात, पण मुलाला शब्द जुळवायला तेवढे लागतात. ती म्हणाली 'हिव वाजतंय', तर मी म्हणतो, 'हो, हिव वाजतंय म्हणून शेपटी पोटाशी घेतलीय.' झालं, एक नवीन वाक्य तिला मिळालं.

तेच पुस्तक रोज मागतात म्हणून वैतागू नका. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये दाखवलं, की तीन वर्षांच्या मुलांनी तीच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकली, तेव्हा त्यातले नवे शब्द जास्त पक्के झाले. वेगवेगळ्या गोष्टी ऐकणारी मुलं त्यात मागे राहिली.

पुस्तकं कुठून आणायची? मराठीत माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' किंवा 'यश' ही पुस्तकं घ्या, त्यांत आपल्यासारखी घरं आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, मुलं थोडी मोठी झाली की तेही चालतं. पैसे खर्चायचे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, २०१५ पासून सुरू आहे, मराठीतल्या चित्रगोष्टी मोफत आहेत.

आणि घरात वाचता येणारं कुणी नसेल तर? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि नातेवाइकांनी टिपून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. तेव्हा आजीला फक्त चित्र दाखवा आणि म्हणा, "सांगा." ती अहिराणीत सांगेल, सांगू दे. पुस्तक मराठीत आणि बोलणं अहिराणीत, असं आमच्याकडे रोज चालतं.

एक रात्र, एक गोष्ट

रात्री गोष्ट सांगण्याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. साने गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे, पण १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातली मुलं सांभाळायचे. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. श्याम आपल्या आश्रमातल्या मित्रांना रोज एक आठवण सांगतो, आणि मित्र दुसऱ्या दिवसाची वाट बघतात.

मला यातून एक साधी गोष्ट घ्यावीशी वाटते. एका रात्री एकच. संपली की दिवा बंद. एका बैठकीत अख्खी मालिका बघायच्या काळात, उद्यापर्यंत वाट बघणं हेही मुलाला शिकवावं लागतं.

झोपण्याआधीच्या तीन गोष्टी

पहिली, पाय. १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, तो मोठ्या माणसांवरचा होता. हातपाय उबदार असले की झोप लवकर लागते, असं त्यात दिसलं. हातापायांतून उष्णता बाहेर पडते आणि शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरतं, झोपेला तेच हवं असतं. आजी तळपायाला तेल चोळते, ते वाया जात नाही. मात्र वर्षाच्या आतल्या बाळावर जड गोधडी किंवा बाजूला उशा नकोत.

दुसरी, मोबाइल. गोष्ट मोबाइलवरून वाचणार असाल तर ब्राइटनेस कमी, नोटिफिकेशन बंद, आणि फोन तुमच्या हातात. माझ्यासारख्याला तर मध्येच ऑफिसचा मेसेज दिसला की गोष्टीतला कोल्हा तिथेच राहतो. शक्यतो कागदाचं पुस्तक घ्या.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, शेगडी. थंडीत दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी ठेवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि माणूस झोपेतच जातो. शेकायचं ते अंगणात शेका, आणि शेगडी बाहेर ठेवूनच आत झोपा. हा एवढा तुकडा तरी घरच्या ग्रुपवर टाका.

या आठवड्याचं काम

दोन कामं देतो. दुपारी साडेबाराला पोराची सावली मोजा आणि उंचीशी ताडून बघा. धुळे-जळगावला आकडा आमच्याइतकाच येईल, पुण्यात सावली थोडी आखूड पडेल. आणि रात्री पुस्तक वाचून झालं की पोराला एक प्रश्न विचारा: "आपल्या हिवाळ्याचं पुस्तक काढलं, तर पहिल्या पानावर काय काढायचं?" उत्तर व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवू, पोरांच्याच आवाजात आणि त्यांच्याच बोलीत.

कान झाका, पाणी प्या, हवा कोरडी आहे. भेटू पुढच्या भागात!